आठ आणे येणे

निगडीत, भेळ चौकातून आत वळलं की तिसरी गल्ली.
'सुमेधा' सोसायटी, चार मजले,
लिफ्ट मागाहून बाहेरच्या अंगाला डकवलेली,
म्हाताऱ्याच्या चष्म्याला दोरी बांधावी तशी.

उपळेकर म्हणाले, फ्लॅट माझा. जमीन माझी नाही.
पहिल्याच दिवशी म्हणाले, चहा यायच्या आधी.
दलाल खाली बघत
पायानं चप्पल शोधत राहिला.

गुळवणी वकीलबाईंच्या टेबलावर करार उलगडला,
टाइपरायटरवरचा.
प्रत्येक 'ळ' ओळीतून जरासा वर उडालेला.
नव्व्याण्णव वर्षं. सत्तेचाळीस गेली.
"बावन्न उरलीत," बाई म्हणाल्या,
पातेलं कलतं करून दूध बघावं तशा.

मी त्रेचाळीस.
संपेल तेव्हा पंच्याण्णव.
ही बेरीज बँकेच्या माणसानं माझ्याआधीच केली होती,
मी लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त मोजते
तितक्याच थंडपणे.

भुईभाडं: वर्षाला एक रुपया.
मी हसले.
बाई हसल्या नाहीत. पुढची ओळ वाचा, म्हणाल्या.
पुढच्या ओळीत
भाडं थकलं तर,
न विचारता विकलं तर,
गच्चीवर खोली चढवली तर,
आणि या सगळ्या 'तर'च्या शेवटी
जमीनमालक, आत येणारा.

रुपया भाड्याचा नाही, बाई म्हणाल्या,
रुपया आठवणीचा आहे.
वर्षातून एकदा कबूल करायचं,
फरशीखाली दुसऱ्याचं आहे म्हणून.

"देह तरी कुठे आपला आहे," उपळेकर म्हणाले.
"देहाला हस्तांतरण शुल्क नसतं," बाई म्हणाल्या,
आणि आकडा लिहून कागद माझ्याकडे फिरवला.
तो रुपयात नव्हता. लाखात होता.

मग सोसायटीचे सेक्रेटरी, पणिक्कर.
कंपनीत तीस वर्षं काढून मराठी कमावलेले,
वही उघडून वाचत गेले:
वॉचमन दोन पाळ्या, लिफ्टचा करार,
मार्च ते जून टँकर, जिन्यातले दिवे,
सिंकिंग फंड.
हा कशासाठी?
"बुडू नये म्हणून. नाव उलटं आहे."
दरमहा तीन हजार आठशे पन्नास.
म्हणजे जमीन रुपयात
आणि जमिनीवर उभं राहणं एवढ्यात.

आणि गच्ची, पणिक्कर म्हणाले.
गळतीचं काम. घरटी चाळीस हजार.
ठराव झालाय, वसुली व्हायचीय.
मी उपळेकरांकडे पाहिलं.
ते पंख्याकडे पाहत होते.
जमिनीचं त्यांनी चहाआधी सांगितलं होतं,
गच्चीचं दोन महिन्यांत एकदाही नाही.

बाईंनी करारनाम्यात एक ओळ वाढवली,
या तारखेआधीचे ठराव विकणाऱ्याकडे.
उपळेकरांनी वाचली,
पुन्हा वाचली,
पेन झटकलं. सही केली.
चाळीस हजारांवर एक शब्द बोलले नाहीत.

किल्ल्या देताना मात्र त्यांनी
कपाटातून एक फाइल काढली. भुईभाड्याच्या पावत्या.
एकेका रुपयाच्या, सगळ्या, सालवार,
काही पिवळ्या, काही छापील, शेवटच्या संगणकाच्या.
दरवर्षी एप्रिलमध्ये स्वतः जायचे म्हणे,
रिक्षाला जाऊन-येऊन चाळीस रुपये.
"खिडकीवरचा माणूस ओळखायला लागला होता.
मग तो रिटायर झाला."

"यंदाचं मी भरलंय," ते म्हणाले.
"ताबा सप्टेंबरअखेर.
म्हणजे अर्धं तुमचं. आठ आणे."
मी रुपया दिला.
त्यांनी खिसे पाहिले. ड्रॉवर पाहिला.
बायकोच्या फोटोमागची डबीसुद्धा पाहिली.
आठ आण्याचं नाणं आता कोणाकडे असतं?

राहू द्या, मी म्हटलं.
"असं कसं," म्हणाले,
आणि शेवटच्या पावतीच्या पाठीवर
बारीक अक्षरात लिहिलं:
बाई मजकूर यांचे पन्नास पैसे येणे.
खाली सही, तारीख.

मुलाकडे गेले ते, वाकडला.
फाइल आता माझ्या कपाटात आहे.
एप्रिलमध्ये मी रजा टाकली,
रांगेत उभी राहिले, रुपया भरला.
खिडकीतली मुलगी म्हणाली, ऑनलाइन होतं की.
माहीत आहे, म्हटलं.