एकाच खांबाला दोन दारं

भुसावळहून बापूंनी ती आणली,
निवृत्त गार्ड परेराकडून, साडेपाच हजारांत,
पैकी दोन हजार तिसऱ्या पोळ्याला द्यायच्या बोलीवर.
मुंबईकडे तिला डुक्कर फियाट म्हणायचे.
अमळनेरात, आमच्या गल्लीत,
उलट्या दाराची.

पुढच्या दाराच्या बिजागऱ्या मागे,
मागच्या दाराच्या पुढे.
दोन्ही दारं मधल्या एकाच खांबाला,
एका भिंतीच्या दोन जावा जशा:
मिटून आहेत तोवर ठीक,
उघडल्या की समोरासमोर.

पाहुण्यांचा हात हमखास बिजागरीवर जायचा.
मामलेदार एकदा कडी शोधत
गाडीला अर्धी प्रदक्षिणा घालून आले
आणि शेवटी म्हणाले, मी चालत जातो.

माय खूश होती.
लुगडं आवरत पाठमोरं उतरायला नको,
ओट्यावरून उतरावं तशी
तोंडानं सरळ रस्त्यावर.
खटकायचा तो वारा.
कडी जराशी सैल झाली
की तो फटीत बोट घालायचा.
गफूर मिस्त्रींनी तीनदा कडी बदलली.
म्हणाले, तोतारामभाऊ,
दरवाजा ठीक है, हवा खराब है.

मग बापूंनी कडीला सुतळी बांधली.
दुसरं टोक मायच्या मनगटाला.
दार धरी ठेव, ते म्हणायचे,
वळण आलं की, आणि नाही आलं तरी.

चोपड्याच्या फुईनं त्या दिवशी
गोणीभर भरताची वांगी दिली होती.
तापीच्या पुलावर दार
घारीच्या पंखासारखं फाकलं.
गोणी गेली.
माय राहिली.
हिरवी वांगी घरंगळत कठड्यापर्यंत,
मागून केळीचा ट्रक, करकचून ब्रेक,
किन्नर उतरला, एकेक वेचून दिलं,
चार स्वतःच्या पायाशी ठेवली.
काय व्हयनं? बापूंनी समोर बघतच विचारलं.
काही नही, माय म्हणाली.
रात्री भरीत झालं, कळण्याच्या भाकरीशी.
वळाबद्दल कुणी बोललं नाही.
तिनं बांगड्या तेवढ्या खाली सरकवल्या.

दोन्ही दारं एकदम उघडली
की कोपरा कोपऱ्यावर आदळायचा,
तिथला रंग उडून
ज्वारीच्या दाण्याएवढा पत्रा दिसायचा.
म्हणून घरात नियम झाला:
आधी पुढचे, मग मागचे.
जेवताना पाटावरून उठायचं असलं तरी
आम्ही भावंडं तो म्हणायचो, हसायचो.

भटू दादानं तो एकदाच मोडला.
दुकानात बसणार नाही म्हणाला,
स्टोव्हच्या पिना घालण्यात जन्म घालवणार नाही.
स्टेशनसमोर बापूंनी गाडी थांबवली.
बापू पुढून उतरले, तो मागून, त्याच क्षणाला.
दारं धाडकन भिडली.
मी आतून पाहिलं:
मध्ये दोन काचा,
अलीकडे बापूंचं तोंड, पलीकडे त्याचं,
दोघांवर एकमेकांची सावली.
कुणी कुणाचं दार लोटलं नाही.
सुरतेची गाडी वेळेवर होती.

ती फियाट पुढे भंगारात गेली.
बापू त्यानंतर नऊ वर्षांनी.

यंदा भटू दादा सुरतेहून मोठी गाडी घेऊन आला.
मागचं दार बटणावर,
कुणी हात न लावता कडेनं सरकतं,
दोनदा टुंग वाजतं.
गल्लीतली पोरं ते पाहायला जमली.
फुईच्या नातीच्या साखरपुड्याला आम्ही चोपड्याला गेलो.
पूल नवा आहे. वारा तोच असावा,
काचा बंद होत्या, कळलं नाही.
मायनं पट्टा लावून घेतला नाही,
दाराच्या कडेला हात ठेवून बसली,
मूठ आवळलेली,
जिथं धरायला काहीच नव्हतं.

मांडवापाशी दार सरकलं. टुंग, टुंग.
दादा उतरला, वळसा घालून आला,
हात पुढे केला: चल ना व माय.

थांब, ती म्हणाली,
पुढच्या रिकाम्या सीटकडे बघत,
पुढला उतरू दे.