गोणपाट

सकाळी अर्ध्या चावीत उठायची.
काचेवर दव, माझ्या तोंडात अजून मिसरी,
आणि ती एका खोकल्यात चालू.

तक्रार दुपारची.
खाणीवर चिरे भरून, सडा तुडवत
नाट्याच्या उतारापर्यंत आलो,
चहाला म्हणून दहा मिनिटं बंद केली
की स्टार्टर नुसता फिरफिर फिरणार
आणि इंजिन गप्प.
रागावलेल्या बायकोसारखं, म्हणणार होतो,
पण आमची शेवंती रागावली तर गप्प बसत नाही.

मग मी बंद करणंच सोडलं.
चार महिने.
चिरे उतरतायत तरी चालू, जेवतोय तरी चालू,
कातळावर उभी राहून नुसती धडधडतेय,
आणि मालक डिझेलचा हिशेब मागतोय.

धारतळ्याच्या तिठ्यावर दिलावर सोलकरचं गॅरेज:
चार वासे, दोन पत्रे,
आणि एक विहीर, तीही शेजाऱ्याची.
म्हणाला, "सकाळी आणू नको.
सकाळी सगळेच शहाणे असतात.
भरदुपारी आण. तापलेली. नि माझ्यासमोर बंद कर."

बंद केली.
त्यानं एक बिडी पूर्ण ओढली.
"मार."
मी चावी धरून बसलो, तो इंजिनाकडे बघेना,
मागे सायलेन्सरपाशी उकिडवा, धुराची वाट बघत.
पांढरा नाही, काळा नाही.
"धूर नाय म्हंजे जळायला काय पोचतच नाय."

डिझेलच्या नळीत पारदर्शक तुकडा जोडला.
बुडबुडा नाही. हवा खात नव्हती.
नॉझलचा नट अर्धा आटा सैल केला.
डिझेल उडी मारून यायला हवं होतं,
आलं ते नळाच्या शेवटच्या पाण्यासारखं,
ओघळत.

मग तांदळाचा रिकामा गोणपाट
विहिरीच्या पाण्यात बुडवून
त्यानं पंपावर पांघरला,
तापात कपाळावर घडी ठेवतात तसा.
वाफ आली.
पुन्हा पाणी. पुन्हा.
"चालू इंजिनावर हा करू नको कधी. जाम होयल."
सडा तापून पांढरा झाला होता,
एक कुत्रा आमच्या सावलीत येऊन झोपला.
"मार."

पहिल्या फेरीत लागली.

मी हसलोच. म्हटलं, झालं तर, रोज गोणपाट घालतो.
दिलावर हात पुसत म्हणाला,
"गोणपाट औषद नाय रे. थर्मामीटर हाय.
आतले एलिमेंट झिजलेत.
थंड डिझेल जाड असता, फटीत अडकून ऱ्हाता.
गरम झाला का पातळ,
नि वाटेतच निसटून जाता."

पंप एसटीनं रत्नागिरीला नेला, मांडीवर.
कंडक्टरनं वास घेतला आणि खिडकीशी बसवलं.
तिथे टेस्ट बेंचवर सहा काचनळ्या,
प्रत्येकीत डिझेल वेगळ्या उंचीवर,
शाळेत रांगेत उभी न केलेली पोरं.
नवे एलिमेंट पडले, सगळी एका उंचीला आली.
बिल बघून मालक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

दिलावरनं पंप बसवला, खुणेला खूण जुळवली,
हवा काढली,
आणि एवढंच म्हणाला, "जा, भर."

नाट्यात एका घराच्या जोत्यापाशी चिरे उतरवायचे होते.
दीड वाजलेला. बॉनेट हात ठेववेना.
चावीवर बोटं होती, फिरवायला धजेनात.
फिरवली.

चार महिन्यांनी पहिल्यांदा ऐकलं:
चिऱ्यावर चिरा ठेवतानाचा तो कोरडा आवाज,
तुळाजीचा "हं" प्रत्येक चिऱ्याला एक,
खाली खाडीत कुणीतरी होडी ठोकतंय.
तुळाजी थांबून माझ्याकडे बघायला लागला.
"बिगाडली काय परत?"

"नाय," म्हटलं. "बंद केली."

शेवटचा चिरा उतरला तरी मी बसून होतो.
मग अर्धी चावी.

गोणपाट अजून सीटखाली आहे.
वाळून कडक झालाय, पंपाच्या आकाराचा.