रीळ तिसरं, बाजू दुसरी

कूलर बंद कर, म्हटलं मी पोरीला.
मे महिना, दुपारचे तीन,
तरी काही न विचारता तिनं बटण खाली केलं.
टाकीतली टपटप थांबेपर्यंत आम्ही दोघं गप्प.

ही हेडाऊची नात.
हेडाऊ लाउडस्पीकर, गोळीबार चौक,
लग्न, बारसं, प्रचारसभा.
दुकान विकताना माळ्यावर कर्ण्यांच्या खाली
पत्र्याची पेटी निघाली,
आत मेणकापडात बांधलेली सात रिळं
आणि आजोबाचं तिरकं अक्षर:
नॅरोगेज. मोतीबाग. डिसेंबर चौऱ्याहत्तर.
सहा बुरशीनं खाल्ली. तिसरं तेवढं वाचलं.
इतवारीतल्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याकडून
तिनं यंत्र चालतं करून आणलं होतं.

"तुम्ही होते ना यांच्यात?"
होतो, म्हटलं.
किती पटकन येतं हे क्रियापद तोंडात.

डेस्मंड रोलो, ज्याचा बाप छोट्या लाइनीवर इंजिन हाकायचा.
जयराम कुमरे, झाडीपट्टीतल्या दंडारीतून आलेला,
गाण्याआधी चपला काढून ठेवायचा.
निमजे बंधू, थोरल्याचे ड्रम, धाकट्याची ढोलकी,
घरात महिनोन्महिने अबोला,
बोलणं काय ते तालात.
आणि मी. मॅन्डोलीन.

शेडमधून उचललेला
तांब्याच्या नळीचा तुकडा डेस्मंड बोटात घालायचा
आणि गिटारीच्या तारेवर असा सरकवायचा
की धानाच्या बांध्यांतून
कोणी हाक मारत चाललंय.
दंडारवाले म्हणाले, पोट्ट्यांनी गाणं विजेवर चढवून जाळलं.
सिव्हिल लाइन्समधले म्हणाले, बरं आहे, पण फार गावठी.
आता म्हणतात, असं करणारे तुम्हीच पहिले.
तेव्हा आम्ही हॉलचं भाडं मोजत होतो.

नोव्हेंबरात बँकेचं पत्र आलं.
निरोप मी धाकट्या निमजेजवळ ठेवला.
तो थोरल्याशी बोलत नसे,
म्हणजे कोणाला कळलंच नसेल,
असं सोयीनं धरून चाललो मी पन्नास वर्षं.
ते मोतीबागेत वाजवत होते त्या रात्री
मी गोंदियात,
बोटांना दहाच्या नोटांचा वास.

आधी खरखर.
मग खुर्च्या, शेंगांची टरफलं, कोणाचं तरी रडकं मूल.
मग डेस्मंड, रेल्वे कॉलनीच्या मराठीत,
"आवाज येऊन राहिला का मांगं?"
मागून शिट्ट्या.

चौथ्या गाण्यात मध्येच
छिंदवाड्याची गाडी शीळ घालते.
थोरला निमजे तिलाच सम धरतो,
जयराम हसतो, गाता गाता, सूर न सोडता.
मग कडवं संपतं
आणि येते माझी जागा.
सोळा मात्रा, चार वेळा.
कोणी भरली असेल? डेस्मंडनं?
मी खुर्चीचा हात धरला.

कोणीच नाही.
ढोलकीवर नुसती बोटं,
लाकडी मंचावर जयरामचा अनवाणी पाय,
आणि मोकळं.
चारही वेळा मोकळं.
चौथ्यांदा लोकांत कुजबुज सुरू होते,
तरी कोणी शिरत नाही आत.
रागानं सोडली की वाट पाहत,
ते रिळावर नाही.
मग सगळे एकदम येतात
आणि गाणं पुढे जातं, जायचंच होतं.

पोरीनं यंत्र थांबवलं.
"इथं टेप उडालीय का, आजोबा?
तेवढं कापून जोडता येते."
नको, म्हटलं. खराब नाही.
माझी जागा आहे ती.

तिच्या वहीत या रिळापुढे चार नावं होती.
पेन घेऊन ती थांबली.
"पाचवं टाकू?"
तिच्या कपाळावरून घाम वहीवर पडला,
निमज्यांच्या नावाची शाई पसरली.
मी म्हटलं, पहिल्यापासून लाव.

रीळ उलटं पळालं, माणसं चिरचिरत मागे गेली,
पुन्हा खरखर, पुन्हा ते मूल,
आणि डेस्मंड, जाऊन एकवीस वर्षं झालेला,
पुन्हा विचारतो,
आवाज येऊन राहिला का मांगं?

मी मान हलवली.
मान हलवल्याचा आवाज होत नाही.