पस्तिसाव्या दिवशी

टाकीच्या तळाशी तीन क्यूब तसेच होते.
लाल रंगात त्रेचाळीस, खाली तारीख,
त्यातला तीन उलटा काढलेला.
अठ्ठाविसाव्या दिवशी सगळ्यांनी आपापले उचलले,
फोडले, आकडे लिहिले,
हात न धुता कँटीनला गेले.
त्रेचाळीसचे कोणी नेले नाहीत.

मी लॅबची बाई. घणसोली गावातली.
क्यूबात जी खडी पडते ती पारसिकच्या डोंगराची,
तिथल्या खाणीत माझ्या बापानं सुरुंग भरलेत.
मला काँक्रीटचं गणित येत नाही.
पण कोण यायचं थांबलंय
ते हजेरीपत्रकाच्या आधी मला कळतं,
खुंटीवरच्या एप्रनवरून.

वर्गात विचारलं.
"केंद्रे? तो येत नाही, बाई,"
एवढंच, आणि मान परत मोबाइलमध्ये.
एक जण म्हणाला, कोपरखैरण्याला राहतो,
दिवसा झोपतो, मेसचा डबा
संध्याकाळपर्यंत दारातच असतो.

मेसवाली यमूबाई माझ्या नात्यातली.
डब्याच्या झाकणाखाली चिठ्ठी ठेवायला दिली:
तुझे क्यूब मी फेकलेले नाहीत.

तो आला मंगळवारी, पस्तिसाव्या दिवशी.
दाढी वाढलेली, शर्टाला मात्र कडक इस्त्री.
"आता चालतील का, बाई?"
पाण्यात होते ना, म्हटलं.
पाण्यात वाया जात नाहीत.

मशीन लावलं. काटा चढत गेला.
तो काट्याकडे नाही, आपल्या हातांकडे बघत होता.
पाचशे दहावर कोपरा सुटला
आणि त्या आवाजाच्या आडोशाला उभा राहून
तो बोलला:
सहा विषय राहिलेत.
अहमदपूरला वाटतं मी शेवटच्या वर्षाला आहे.
रात्री मनात नको ते येतं, बाई.

मी मशीन बंद केलं.
काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं.
सर म्हणतात, दाब दिला की पोरांची ग्रेड कळते.
क्यूब तर बनवतातच फोडायला.
हे मी सरांना कधी बोलले नाही,
माझी नोकरी अजून कंत्राटीच आहे.

चौथ्या मजल्यावर, फीच्या खिडकीला लागून,
एक खोली मंगळवारी आणि शुक्रवारी उघडते.
कुरियन मॅडम बसतात.
जागा अशी की फी भरणारी अख्खी रांग
आत जाणाऱ्याचं तोंड बघते.
"सगळे बघतील, बाई."
मग मी डेडस्टॉकचं रजिस्टर काखेत मारलं,
त्याच्या हातात फुटका क्यूब दिला.
कोणी विचारलंच तर सही घ्यायला चाललोय.

कोणी विचारलं नाही.
रांगेतल्या एका मुलीनं फक्त
पाय मागे घेतले, वाट दिली.

मॅडमचं मराठी मोडकं.
"बस. पाणी पी. घाई नाय."
ऐकणं मात्र धड.
दार लोटलं. मी बाहेर बाकावर,
पन्नास मिनिटं रजिस्टर उघडून
बंद पडलेल्या तराजूंचे नंबर वाचत.
मी बारावीला दोनदा नापास झाले तेव्हा
आईनं देवापुढे नारळ ठेवला, काकानं स्थळ आणलं.
विचारलं कोणीच नाही.
हे आज आठवायचं काही कारण नव्हतं.

तो बाहेर आला. डोळे लाल.
हातात वाशीच्या एका डॉक्टरांचं नाव,
आणि घरी फोन कधी लावायचा ती वेळ,
रात्री आठ, मॅडमच्या समोरच ठरवलेली.
क्यूब आतच विसरला होता.
राहू दे, म्हटलं.

सगळं नीट झालं असं नाही.
शुक्रवारी तो आला नाही. मी दोनदा जिन्यात डोकावले.
पुढच्या मंगळवारी आला, उशिरा,
एप्रन झटकून घातला, धुळीनं शिंकला.
नवे तीन साचे भरले.
साच्यांवर खडूनं त्रेचाळीस, तीन पुन्हा उलटा.

"अठ्ठाविसावा दिवस कधी येतो, बाई?"
मंगळवारी टाकलेला मंगळवारीच येतो.
त्यानं बोटांवर मोजलं.
"म्हणजे अजून चार मंगळवार."
चार.
"येतो."