ढाळ

दसऱ्यानंतर शेड उतरवली.
चार पॉवरलूम इचलकरंजीचा एकजण घेऊन गेला,
वजनावर.
पत्रे मच्छ्याला गेले, कुणाच्या तरी म्हशींवर.
मागं उरला तेल पिऊन काळा झालेला कोबा,
सोळा बोल्ट, पेचांत सूत अडकलेले,
आणि वर एवढं आभाळ
की मथुरा दारात थांबून म्हणाली,
वडगावात असं काही होतं होय?

म्हटलं, दगडी फरशी घालू. मीच घालतो.
"तू?" शिवपुत्र कंपौंडवरून वाकला.
"लुगड्याचा काठ कळतोय बे तुला.
दगडाचा काठ निराळा."

खानापूर रोडच्या वखारीत
शहाबादी सेकंडचा ढीग लागला होता.
कोपरे उडालेल्या, पोटात पिवळ्या शिरा असलेल्या,
एकीवर खडूनं कुणाची तरी बाकी मांडलेली, कन्नडात.
मालकानं एकशेवीस मोजल्या, एक वर घातली,
"फुटली तर," म्हणाला.
घरी येईतो सात फुटल्या.

कोबा तीन रविवार खाल्ला पहारीनं.
पंधरा बोल्ट निघाले.
सोळावा हलेना.
त्याला शिव्या दिल्या, रॉकेल पाजलं,
शेवटी मुरूम टाकून पुरून टाकला
आणि मथुरेला म्हटलं, निघाले सगळे.

धुमस मारताना खांदे बोलायला लागले.
पण दोरी?
दोरी मला येते.
चार खुंट्या ठोकल्या, ताण दिला,
टिचकी मारून कान लावला.
एकतीस वर्षं तेच केलं होतं,
फक्त उभ्यानं.

लेव्हलच्या नळीचं एक टोक शिवपुत्राकडं दिलं.
तो तिकडून ओरडायचा,
"म्याल… म्याल… साक!"
मी इकडून, "थांब की, पाणी हलूलालंय!"
पाणी थांबायचं, मग आम्ही थांबायचो.
चहा दोन्ही घरांतून यायचा.
त्यांचा गोड. आमचा त्याहून गोड.

शंभरावी फरशी बसली त्या संध्याकाळी
दरजा भरल्या, झाडून काढलं,
आणि मोठ्या माणसासारखं बादलीभर पाणी ओतलं.
पाणी मधोमध थांबलं जरा.
विचार केल्यासारखं केलं.
मग पाव्हणा यावा तसं सरळ
स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला आलं.

मथुरा पोतेरं घेऊन उभी होती.
काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

शिवपुत्र हसला नाही, हे मला आजही खटकतं.
कंपौंड ओलांडून आला,
लुंगी खोचली,
पहिली फरशी त्यानंच उचकटली.
अकरा काढल्या. खाली कच ओढली,
दहा फुटाला इंचभर ढाळ,
या वेळी उलट्या अंगाला, त्याच्या भिंतीकडं.
भिंतीला तळाशी भोक पाडायला लागणार होतं.
छिन्नी हातात घेऊन मी विचारलं,
तुझ्या केळीत येईल पाणी, चालतंय?
तो म्हणाला, "बरली."
येऊ दे.

आता तिथं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत.
ओट्याशेजारी कढीपत्ता.
लेक हुबळीहून आली की
अनवाणी चालते आणि म्हणते, गार आहे गं.
सकाळच्या भांड्यांचं पाणी
बरोबर भोकातून जातं. मी रोज बघतो.
बघायचं काही कारण नाही.

एकच फरशी डुगडुगते,
तिसऱ्या ओळीतली, कढीपत्त्याकडं जाताना.
पाय पडला की खालून,
खट्.
खाली काय आहे मला माहीत आहे.
मथुरेनं कधी विचारलं नाही.
उद्या काढून बसवतो, मी म्हणतो.
असू दे की, ती म्हणते,
आणि दुपारी, सगळी गल्ली गप्प असताना,
दोन पानं तोडायला जाते.

खट्.
येताना पुन्हा,
खट्.