मुलाखती

यमूल सरांचं कपाट मीच रिकामं केलं.
एक शिट्टी, गुडघ्याची पट्टी,
शेंगाचटणीची पुडी, अर्धी उरलेली.
फुटबॉलच्या सलग सात मॅच हरल्यावर
माणसाचं एवढंच निघतं.

आज व्हरांड्यात चार खुर्च्या मांडल्या.
पुण्याचा लॅपटॉप उघडून बसलाय,
चेअरमनच्या साडूचा मुलगा नुसताच बसलाय,
कोल्हापूरचे एक जण पगार किती
ते मलाच विचारतात.
मी फक्की मारणारा माणूस.

चौथी, लावण्या चिलवेरी,
पूर्वी आमच्याच कॉलेजची गोलकीपर,
खुर्चीत नव्हतीच.
मैदानावर सापडली, एप्रिलच्या सोलापुरी उन्हात,
गिरणीकडच्या गोलपाशी उकिडवी बसून
तळव्याने जमीन चाचपत.
"मल्लूमामा, इथला उतार अजून तसाच?"
तसाच, म्हटलं.
सातांतल्या पाच मॅच इथंच घसरल्या,
कुणी लिहून घेतलं नाही.

संध्याकाळी नोटीस लागली.
मी चष्मा आणला नव्हता.
पोरं आली, वाचून गेली, काही बोलली नाहीत.
उद्या सहाला सराव आहे म्हणे.
फक्कीचं घमेलं भरून ठेवलंय.
शिट्टी
अजून माझ्याच खिशात आहे.