मिनिटाला चार थेंब

स्कूटर आली ट्रॉलीवरून, थेट नागावहून,
पिवळीधमक, आणि पोटात दोन बादल्या पाणी.
प्रीतेश म्हणाला, तळ फुटला असणार.
मी म्हटलं, तळ फुटलेली उभ्या-उभ्या बुडते.
ही फक्त पळताना पिते.

दिवाळ्याच्या जेटीमागं आमची शेड,
अर्धी पत्र्याची, अर्धी जुन्या फ्लेक्सची.
सीट उचलून आत टॉर्च धरला.
शाफ्टच्या दोन्ही अंगांना, भिंतीवर,
मिठाची एक रेघ उठलेली,
कंपासनं मारावी तशी गोल.
फिरता शाफ्ट पाणी फेकतो
आणि कुठून येतंय ते आखूनही देतो.

बाबा बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत.
मोतीबिंदू काढून चार दिवस झालेले,
डोळ्यांवर तो सरकारी काळा चष्मा.
‘किती गलतंय?’
बादलीनं, बाबा.
‘बादलीनं नको सांगू. मिनटाला किती?’

त्यांच्या होडीच्या शाफ्टला ग्लँड होती.
सुताची दोरी चरबीत भिजवून
वेढे द्यायचे, वर नट.
नट आवळायचा तो एवढाच
की मिनिटाला चार थेंब पडावेत.
‘थोरं गलाला पायजे, नायतं शाप तापंल.’
डोलीला जायचो तेव्हा फळीवर पडून
मी ते थेंब ऐकत झोपायचो.
पाचवा पडला
की अंधारातून बाबांचा हात पान्याकडं जायचा.

मागचा पंप सुटला. चार बोल्ट,
त्यातला एक रडवून.
रबराची घडी दाबून धरली, क्लिप काढायला गेलो
आणि ती उडाली.
टिंग.
प्रीतेश गुडघ्यांवर, मी पालथा,
मोबाइलचे दोन-दोन उजेड.
‘तिकरं. ट्रॉलीच्या चाकामागं,’
बाबा म्हणाले, मान न वळवता.
तिथंच होती.

मग शाफ्ट ओढून घेतला, आणि ती कार्बनची रिंग.
काळी, तळहाताएवढी, गुळगुळीत म्हणावी
तर नख फिरवताना एका जागी अडकलं.
नागावची वाळू. एक कण असेल.
स्टीलच्या रिंगवर कार्बन टेकतो,
टेकून फिरू देतो, पाणी येऊ देत नाही.
एवढंच काम. त्यात कण शिरला.
आणि मागचं रबर म्हातारं, रेटा देईना.

सामान तुर्भ्याहून आलं दुसऱ्या दिवशी, सहा हजार दोनशे.
(प्रीतेशनं दोनदा विचारलं, दोनशे कसले?)
नवी रिंग स्पिरिटनं पुसत होतो
तेवढ्यात शेजारून ग्रीसचा डबा पुढं आला,
झाकण आधीच उघडलेलं.
याला ग्रीस चालत नाही, बाबा.
कोरडंच बसवायचं.
डबा थोडा वेळ हवेत राहिला.
मग खुर्चीखाली गेला.

संध्याकाळी भरती.
ट्रॉली उतारावरून पाण्यात सोडली,
पट्टे बांधलेलेच, इंजिन चालू.
शाफ्टखाली कालचं वर्तमानपत्र पसरलं,
आणि वाकून बघत राहिलो.
वरून, उलव्याच्या बाजूनं, विमान चढलं,
त्याच्या आवाजात आमचा आवाज हरवला, परत आला.
दहा मिनिटं.
कागदावरच्या बाजारभावाचं एक अक्षरही फुटलं नाही.

प्रीतेश पैसे मोजून, फोनवर कुणाशी हसत गेला.

‘किती?’
एकपण नाय, बाबा.
‘एकपण?’
नाय.
‘मंग थंड कशानं ऱ्हातं?’
पाण्यानंच, म्हणालो. बाहेरच्या.
त्यांना ते पटलं नाही. मला समजावता आलं नाही.

कागद त्यांच्या मांडीवर दिला.
चष्मा तसाच ठेवून त्यांनी तो बोटांनी वाचला,
ओळ सोडून ओळ, कडेपर्यंत,
आणि वरच्या कोपऱ्यात थांबले.
‘ह्यो बग. एक हाय.’

माझा घाम असणार, वाकलो होतो तेव्हाचा.
हो, म्हटलं. एक आहे.